स्विचबोर्डावरचं कुंकू

विजेचा मिस्त्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पक्कड आणि पेचकस येतात. माझं खरं हत्यार नाक होतं. बंद पडलेल्या मोटारीचं बॉनेट उघडलं की हात घालण्याआधी मी नाक घालायचो, आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे बघून हसायचे. हसोत बापडे. रबर जळल्याचा वास वेगळा, तारेच्या वेटोळ्यावरचं वार्निश जळल्याचा वेगळा, आणि बॅकेलाइट जळल्याचा तर इतका वेगळा, की आज सत्तरी उलटल्यावर भर पडशातही मला तो ओळखू येईल. आधी दवाखान्यात फरशी पुसतात त्या कार्बोलिकचा, आणि त्याच्या मागोमाग बाजारातल्या सुकटीचा.

मी सांगतोय ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचे दिवस. आमच्याकडच्या खेड्यांतून तेव्हा तारा नव्हत्या. वीज म्हणजे आभाळात चमकते तीच. तरी मला कामाची ददात नव्हती. कापसाच्या जिनिंग फॅक्टऱ्यांमध्ये इंजिनावर चालणारे डायनामो होते, चार जमीनदारांकडे मोटारी होत्या, जत्रेत सिनेमाचे तंबू यायचे. मुंबईला तीन वर्षं उमेदवारी करून आलेला मी एकटाच मिस्त्री, त्यामुळे भाव खाऊन होतो. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच खात होतो.

बॅकेलाइट हे नाव आता मागे पडलं, म्हणून थोडं समजावून सांगतो. काळं किंवा तपकिरी, गुळगुळीत, नखानं ठोकलं तर टक्क वाजणारं जुनं बटण आठवा, ते बॅकेलाइट. कार्बोलिक आणि फॉर्मालिन यांच्यापासून एक राळ तयार करतात, तिच्यात लाकडाचा भुसा कालवतात आणि साच्यात दाबून तापवतात. लाख तापवली की वितळते, गार झाली की घट्ट होते, पुन्हा तापवली की पुन्हा वितळते. बांगडीवाल्याचं पोट त्यावरच चालतं. बॅकेलाइटचं तसं नाही. ते भाकरीसारखं आहे. भाकर एकदा भाजली की तिचं परत पीठ होत नाही, आणि जास्त ताव दिला तर ती वितळत नाही, करपते. बॅकेलाइटही करपतं. आधी चकाकी जाते, मग बारीक फोड येतात, तो वास सुटतो, तडे जातात आणि शेवटी कोळसा होतो. पण आकार सोडत नाही. वरचा कोळशाचा थर आतल्या मालाला झाकून धरतो, म्हणून ते सहसा धडधडून पेटत नाही. माल विकणारे याच गुणाची टिमकी वाजवायचे. एक गोष्ट मात्र ते कधी सांगत नसत. बॅकेलाइट वीज अडवतं, आणि कोळसा वीज जाऊ देतो. म्हणजे ज्याला अडवायला बसवलं, तोच करपला की वाट करून देतो.

शेलूबाजारच्या एका पाटलांची मोटार आठवते. पावसाळ्यात रोज बंद पडायची. नजर लागली म्हणून तिला लिंबू-मिरची बांधून झाली, काळा दोरा बांधून झाला, शेवटी मला बोलावणं आलं. इंजिनात ठिणगी वाटून देणारी बॅकेलाइटची टोपी असते, ती काढून उजेडात धरली. आतल्या बाजूला दोन पितळी खुंट्यांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ होती. टोपीत दमट हवा आणि धूळ साचली, तिच्यावरून थोडी थोडी वीज गळत राहिली, त्या वाटेवरचं बॅकेलाइट करपलं आणि ठिणगीला चोरवाट मिळाली. मी चाकूच्या टोकानं रेघ खरवडून काढली, जागेवर वार्निशचा हात मारला, मोटार सुरू. पाटील म्हणाले, एवढ्याशा रेघेनं गाडी अडते? मी म्हणालो, तलाठ्याच्या एवढ्याशा रेघेनं तुमचं वावर अडतं की नाही? पाटलांना पटलं.

दुसरी गंमत रिसोडची. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता, बॅकेलाइटच्या पेटीतला. घरच्या बाईंना त्याचं इतकं अप्रूप, की सणाला रेडिओ देवासमोर मांडून त्याला खेटूनच समई लावली. एक बाजू काळी ठिक्कर पडली, फोडांनी भरली, घरभर मासळीचा वास सुटला. जैनाच्या देवघरात मासळीचा वास! शेठाणी दोन दिवस जेवल्या नाहीत. मी हा वास मासळीचा नव्हेच हे पटवता पटवता घामाघूम झालो. पण त्यात एक गोष्ट शिकलो. पेटी वरून जळली होती, आत खरवडून पाहिलं तर गव्हाच्या दाण्याएवढ्या खोलीवर माल कोरा करकरीत. रेडिओ गातच होता. बाहेरून भाजलेलं बॅकेलाइट वरवर जळतं. विजेनं करपलेलं खोल जातं, नाली खणल्यासारखं.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना मला स्वतःचा राग येतो.

जऊळक्याच्या बाजूला एक जिनिंग फॅक्टरी होती. माझं निम्मं वर्ष तिथंच जायचं. मोठ्या लांब खोलीत रेच्यांची रांग. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. प्रत्येक रेच्यावर एक बाई ओंजळीनं कापूस घालायची. सगळे रेचे एका लांब दांड्यावरून, शाफ्टवरून, पट्ट्यांनी फिरायचे. शाफ्टाला तेल द्यायला किसनभाऊ होता, पन्नाशीचा, बोलायला कमी. दिवे आणि रुई ओढणारा पंखा माझ्या डायनामोवर. त्यांचा बोर्ड रेच्यांच्या रांगेच्या टोकाला भिंतीवर. खोलीभर रुईचे बारीक तंतू उडत, ते पेटायला क्षण पुरायचा. म्हणून फाटकावर सगळ्यांच्या विड्या-काड्या काढून घेत आणि जागोजाग वाळूच्या बादल्या टांगलेल्या असत.

त्या बोर्डाची मूळची पाटी काळ्या दगडाची होती. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर ती तडकली आणि मी हट्टानं बॅकेलाइटचा जाड तक्ता मागवून बसवला. वरच्या अंगाला मेन स्विच, त्याच्या खाली डायनामोहून आलेल्या दोन तारांच्या पितळी खुंट्या, एक जरा वर, एक जरा खाली. फॅक्टरीच्या मालकांना, शेठजींना, दाखवताना त्यावर जळती उदबत्ती टेकवली होती, डागसुद्धा पडला नाही.

पौषात दोन दिवस अवकाळी भुरभुर झाली. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं, हवा मात्र ओलसर होती. दुपारी जेवणं उरकून बाया रेच्यांवर आल्या, इंजिन फिरू लागलं, आणि घटकाभरात बोर्डाच्या बाजूनं भसकन जाळ झाला. मी इंजिनघरात होतो. धावत आलो तेव्हा भिंतीवरचे तंतू सरसर पेटत चालले होते आणि शेवटच्या रेच्यावरचा कापूस धडधडत होता. तिथे सरूबाई होती, विधवा, तिशीच्या आतली. आमच्याकडे बायांना शिकवून ठेवलं होतं, की रेच्यावरचा कापूस पेटला तर तो हातानं ओढून खाली पाडायचा आणि वाळू टाकायची, म्हणजे आग पुढच्या रेच्यावर जात नाही. जाळ एवढासा असतो तेव्हा ते ठीक असतं. सरूबाईनं जाळ केवढा आहे ते पाहिलंच नाही. शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात घातले आणि कापूस ओढला. रांग वाचली. तिचे हात कोपरापर्यंत भाजले.

आग विझल्यावर शेठजींनी मला सगळ्यांदेखत विचारलं, मिस्त्री, तुमच्या बोर्डाचं तर काही नाही? बोर्ड काळाठिक्कर झाला होता, पण शाबूत होता. मी त्यावर मूठ आपटली आणि म्हणालो, शेठजी, हे बॅकेलाइट आहे, हे पेट घेत नाही. आग बाहेरून आली. नाकात तो वास भरलेला होता. पण आगीत सापडल्यावर बॅकेलाइटला वास यायचाच, अशी मी माझीच समजूत घातली.

आग बाहेरून आली म्हटल्यावर ती कुणी आणली हे शोधणं आलं. सगळ्यांची झडती झाली. किसनभाऊच्या फेट्याच्या पदरात अर्धी विडी निघाली. त्यानं हूं की चूं केलं नाही. शेठजी तापट नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नाही. किसनला फाटकाबाहेर काढलं, गाव सोडायचं नाही म्हणून बजावलं, आणि फौजदारांना निरोप गेला. चार दिवसांनी येतो असा उलट निरोप आला. बाई भाजली होती, प्रकरण साधं नव्हतं. किसन तुरुंगात जाणार हे गावातलं शेंबडं पोर सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड दुरुस्तीला उतरवला. उन्हात पालथ्या बादलीवर ठेवून ओल्या फडक्यानं काजळी पुसली. वरचा काळा थर सगळीकडे सारखा होता, रिसोडच्या रेडिओसारखा. मात्र दोन खुंट्यांच्या मध्ये नाली होती. करंगळीचं नख बुडेल एवढी खोल, काठाला फाटे फुटलेली, आत भुसभुशीत कोळसा. आणि ती सरळ नव्हती. एका खुंटीपासून निघून आडवी गेली होती, मग काटकोनात वळून दुसऱ्या खुंटीला मिळाली होती. वीज असल्या वळणानं स्वतःहून जात नाही. कुणीतरी आखून दिल्याशिवाय नाहीच. मी काठावरचा कोळसा हळूच खरवडला, तर कडेला लालसर रंग दिसला. ते कुंकू होतं.

दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो. इंजिनाला हार, शाफ्टाला हळदकुंकू, आणि बोर्डाची पूजा मिस्त्रीची. कुंकू पाण्यात कालवून बोटानं पाटीवर स्वस्तिक काढायचं, वर फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडायचं. स्वस्तिक काढायला सपाट जागा लागते, ती दोन खुंट्यांच्या मधलीच. वर्षानुवर्षं तिथंच काढत आलो. आणखी एक रिवाज होता. दर शनिवारी सगळी यंत्रं पुसून काढायची, बोर्डही. पण पूजेच्या कुंकवावरून फडकं फिरवायचं नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. दगडाच्या पाटीनं हे सगळं निमूट सोसलं होतं, कारण दगड करपत नाही. त्या वर्षी पाटी बदलली आणि पूजा तीच राहिली. हळद-चुन्याचं कुंकू आणि नारळाचं पाणी दमट हवेत ओल धरतात, ओलीवर रुईचे तंतू बसतात, आणि माझ्या स्वस्तिकाच्या एका हाताच्या वाटेनं वीज दसऱ्यापासून पौषापर्यंत रोज थोडी थोडी गळत होती. मोटारीच्या टोपीतली केसाएवढी रेघ मला दिसली होती. ही मी स्वतः बोटानं काढलेली रेघ रोज डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

चाकू हातातच होता. दोन मिनिटं खरवडलं असतं तर नालीचा वेडावाकडा खड्डा झाला असता आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी खरवडलं नाही, हे माझ्या बाजूचं. पण तक्ता गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारला आणि गप्प बसलो, हेही माझंच. मनाशी म्हणत होतो, किसननं विडी तर ओढली असेलच. उगाच का फेट्यात निघाली? एक दिवस असा गेला, दुसराही गेला. फौजदार यायला एक दिवस उरला.

त्या सकाळी विहिरीच्या वाटेनं जाताना किसनभाऊ दिसला. खांद्यावर घागर होती आणि तो सरूबाईच्या घराकडे वळला. तिथल्या एका म्हातारीला विचारलं, तेव्हा कळलं. आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिचं पाणी तोच भरत होता. तिचे हात फडक्यांत बांधलेले, घरात दुसरं कुणी नाही. तिनं त्याला शिव्या घातल्या, तरी तो रोज येऊन रांजण भरून जात होता.

मी घरी गेलो, गोणपाट काखेत मारलं आणि शेठजींच्या बैठकीत जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, कोळशातनं वीज जाते हे तुमी म्हनता, मी कसं मानू? तेव्हा त्यांना फॅक्टरीत नेलं. इंजिन सुरू करायला लावलं, कामगार जमले. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला डायनामोच्या दोन तारा टेकवल्या, मध्ये एक दिवा जोडला. काही झालं नाही. मग त्याच तारा नालीच्या दोन टोकांना लावल्या. दिवा मिणमिणला, आणि काळ्या रेघेत लाल ठिपके पेटून इकडून तिकडे चालू लागले. आडवे गेले, काटकोनात वळले. कार्बोलिकचा वास आला, मग मासळीचा.

शेठजींनी हळूच विचारलं, "म्हनजे मिस्त्री, पूजेनं आग लागली म्हनता का तुमी?"

"पूजेनं नाही शेठजी, माझ्या बोटानं," मी म्हणालो. "दगड होता तवर चालत होतं. तक्ता मी बदलला. मला कळायला पाहिजे होतं."

शेठजींनी वाकून नालीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी फौजदारांना दुसरा निरोप पाठवला आणि किसनला कामावर घ्यायला सांगितलं. मला काढलं नाही. दुसरा मिस्त्री मिळणार नव्हता, हे कारण असेल. मी त्याला मोठेपणाच म्हणत आलो. पुढच्या दसऱ्यापासून स्वस्तिक बोर्डाच्या लाकडी चौकटीवर काढायचं ठरलं. त्यावरूनही काही जण कुरकुरले, मिस्त्री मुंबईला राहून देवाधर्माला विसरला म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं.

संध्याकाळी किसनभाऊला शोधत विहिरीवर गेलो. त्याला निरोप कळला होता. मी माफी मागितली. तो घागर भरून काठावर ठेवत होता.

"म्या त्या दिशी इडी ओढली व्हती, मिस्त्री," तो म्हणाला. "दुपारी, शाफ्टाच्या मांगं. तुमी म्हनले का आग बाहेरून आली, तं मले वाटलं म्याच लावली. चार दिसापासून तेच मनात घोकून राह्यलो. सरूचे हात पाहून भाकर गिळवत नोती."

मला वाटत होतं, की तो स्वतःला निर्दोष समजून मनातल्या मनात मला आणि शेठजींना शिव्या देत असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, कारण मी मुंबईहून शिकून आलेला मिस्त्री. मी दोन दिवस तक्ता खाटेखाली ठेवून जेवलो होतो, झोपलो होतो. आणि तेच दोन दिवस हा माणूस स्वतःला बाई जाळणारा समजून पाणी वाहत होता. हे मी त्याला सांगितलं. तक्ता केव्हा उतरवला, नाली केव्हा सापडली, सगळं. त्याच्या तोंडावर राग आला असता तर मी सोसला असता.

त्यानं भरलेली घागर उचलली आणि माझ्या पायांशी ठेवली.

"सकाळच्या चार, सांजच्या दोन," तो म्हणाला. "रांजन मांगच्या दारी हाय. आता तुमी भरा."

मी भरल्या. पहिले आठ दिवस विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पितळी घागर खांद्यावर घेऊन चालणं हे पाना-पेचकसाचं काम नव्हे. पहिल्या दिवशी निम्मं पाणी माझ्या सदऱ्यात गेलं. आग कशी लागली ते सरूबाईला कळलं होतं. मी दिसलो की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. किसनला तिनं शिव्या तरी घातल्या होत्या. मला एक शब्द नाही.

दोन महिने झाले असतील. एके सकाळी मागच्या दारी गेलो तर रांजण काठोकाठ भरलेला. सरूबाई ओल्या लुगड्यानं पायरीवर बसली होती. दोन्ही हातांची कातडी गुलाबी आणि चुरगळलेली, उजव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटलेली. ती पुढं कधी सुटली नाहीत आणि रेच्यावर तिला पुन्हा काम करता आलं नाही.

"अर्ध्या अर्ध्या घागरीनं भरला," ती म्हणाली. "आता नका येत जाऊ."

मी बरं म्हणालो आणि घागर घेऊन परत फिरलो. किसनची माफी मागितली होती, शेठजींची मागितली होती. दोन महिने रोज सहा वेळा जिच्या दारात गेलो तिची मागायची राहिली, आणि आता ती नाही.